‘आयर्न मॅन’च्या मृत्यूवर ढाळलेले अश्रू

२०१९ साली पुनरुत्थानाचा रविवार २१ एप्रिल रोजी होता. त्याच सप्ताहातील शुक्रवारी, म्हणजे २६ एप्रिल रोजी, ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ हा अमेरिकन चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. तीन तास एक मिनिट लांबीचा हा चित्रपट आपल्याकडे इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांतही दाखवण्यात आला. भारतीय प्रेक्षकांसाठी संगीतकार ए. आर. रहमान यांनी खास गीत तयार केले होते. काही शहरांत गर्दीमुळे चित्रपटगृहे रात्रीही चालू ठेवावी लागली. जगभरात या चित्रपटाने सुमारे २८० कोटी डॉलरची कमाई केली.

मात्र या आकड्यांपेक्षा अधिक बोलले गेले ते चित्रपटाच्या शेवटाबद्दल. हाणामारीचा, अद्भुत शक्तींचा चित्रपट पाहण्यास गेलेली तरुण मुले-मुली डोळे पुसत बाहेर पडली. अनेक घरांत मोठ्यांना हसू आले, तर काहींना राग आला. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्या मरणावर रडायचे कशाला, असा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. ते उत्तर ख्रिस्ती कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

कथा थोडक्यात

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथेची रूपरेषा सांगणे आवश्यक आहे. मार्व्हल स्टुडिओच्या या चित्रपटमालेची सुरुवात २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ने झाली. टोनी स्टार्क हा शस्त्रास्त्रे बनवणारा गर्भश्रीमंत, बुद्धिमान आणि अहंकारी कारखानदार. अफगाणिस्तानात त्याच्याच कंपनीच्या शस्त्राने तो जखमी होतो आणि बंदी बनतो. लोखंडाचे बारीक तुकडे त्याच्या हृदयाच्या दिशेने सरकत असतात. यिन्सेन नावाचा दुसरा बंदी त्याचे प्राण वाचवतो आणि त्याच्या सुटकेसाठी स्वतः मरण पत्करतो. मरताना तो टोनीला विनवतो की, मिळालेले हे आयुष्य वाया घालवू नकोस. तेथून टोनीचे परिवर्तन सुरू होते.

‘एंडगेम’ हा या मालेतील बाविसावा चित्रपट. त्याच्या आधीच्या, २०१८ साली आलेल्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये थॅनोस हा खलनायक सहा दिव्य रत्ने मिळवून चुटकीसरशी विश्वातील अर्धे जीव नाहीसे करतो. साधने थोडी आणि तोंडे फार, म्हणून अर्धे मेले तर उरलेले सुखाने जगतील, असा त्याचा हिशेब. ‘एंडगेम’मध्ये उरलेले वीर त्या नाहीशा झालेल्यांना परत आणतात. त्या प्रयत्नात नताशा रोमनॉफ, म्हणजे ‘ब्लॅक विडो’, आपला मित्र क्लिंट वाचावा म्हणून कड्यावरून स्वतःला झोकून देते. अखेरच्या युद्धात टोनी ती रत्ने आपल्या हाती घेतो. त्यांची शक्ती मानवी देहाला सोसणारी नाही हे त्याला ठाऊक असते. तो थॅनोसचा आणि त्याच्या सैन्याचा नाश करतो व स्वतः प्राण सोडतो. मृत्यूच्या क्षणी त्याची पत्नी पेपर त्याला धीर देते की, आमचे आम्ही सांभाळून घेऊ, आता तू विसावा घे.

त्यानंतर सरोवराकाठी त्याला निरोप दिला जातो. त्याचे पहिले कृत्रिम हृदययंत्र फुलांच्या चक्रावर ठेवून पाण्यावर सोडले जाते. सगळे सहकारी मूकपणे उभे असतात. त्याची चिमुरडी मुलगी मॉर्गन भूक लागली म्हणून चीजबर्गर मागते. तिच्या वडिलांनाही तेच आवडत असे. या मालेतील चित्रपटांच्या नामावलीनंतर नेहमी एखादा छोटा प्रसंग दाखवला जात असे. येथे तसा प्रसंग नाही. केवळ लोखंडावर पडणाऱ्या घणाचा आवाज ऐकू येतो. २००८ च्या चित्रपटात टोनी बंदिवासात आपले पहिले चिलखत घडवत होता, त्याचा तो प्रतिध्वनी. अनेक प्रेक्षक शेवटपर्यंत बसून राहिले ते हा आवाज ऐकण्यासाठी.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया

या शेवटावरच्या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या. चीनमधील निंग्बो शहरात चित्रपट पाहताना एका तरुणीला रडून रडून श्वास घेणे कठीण झाले व तिला इस्पितळात न्यावे लागले, अशी बातमी त्या वेळी वृत्तपत्रांत आली होती. इटलीतील फोर्ते दे मार्मी या गावात त्याच वर्षी आयर्न मॅनचा पुतळा उभारण्यात आला. २०२१ मध्ये काही चाहत्यांनी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पदरमोड करून मोठा फलक लावला आणि टोनी स्टार्कला पुन्हा जिवंत करावे अशी मागणी केली.

काहींचा सूर कृतज्ञतेचा होता. टोनीची भूमिका करणारे रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी अमली पदार्थांच्या व्यसनापायी तुरुंगवास भोगला होता. त्यातून सावरून त्यांनी २००८ च्या चित्रपटात ही भूमिका साकारली. पडद्यावरील परिवर्तन आणि अभिनेत्याच्या जीवनातील परिवर्तन प्रेक्षकांच्या मनात एकरूप झाले.

काहींचा सूर तक्रारीचा होता. टोनीला सर्वांच्या उपस्थितीत निरोप मिळाला, मग नताशाला का नाही? तिच्या त्यागाशिवाय विजय शक्यच नव्हता. तरीही सहकाऱ्यांचे चार अश्रू आणि थोडेसे शब्द एवढेच तिच्या वाट्याला आले. हा आक्षेप इतक्या लोकांनी घेतला की, दिग्दर्शक अँथनी व जो रुसो या बंधूंना त्यावर खुलासा करावा लागला. पुढे २०२१ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक विडो’ या चित्रपटाच्या अखेरीस नताशाची कबर आणि तेथे आलेली तिची बहीण दाखवण्यात आली.

अश्रू, पुतळा, फलक आणि तक्रार या चारही गोष्टींच्या मुळाशी एकच मानवी गरज आहे. ज्याने प्रेमापोटी प्राण दिला त्याचे स्मरण राहावे, त्याला सन्मानाने निरोप मिळावा आणि शक्य तर मरण हा त्याचा शेवट नसावा.

काल्पनिक व्यक्तीसाठी खरे अश्रू

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. पडद्यावर पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे एकतर्फी नाते जुळते. ती व्यक्ती आपल्याला ओळखत नाही हे ठाऊक असूनही मन तिला ओळखीच्या माणसासारखे वागवते. टोनी स्टार्कच्या बाबतीत हे नाते ११ वर्षांचे होते. २००८ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा २०१९ मध्ये एकवीस वर्षांचा झाला होता. शाळा, परीक्षा, मैत्री, घरातील सुखदुःखे या सर्व काळात तो नायक अधूनमधून भेटत राहिला होता. त्यामुळे त्याच्या मृत्यूबरोबर त्या मुलाच्या बालपणाचाही निरोप झाला. त्या अश्रूंत थोडे अश्रू स्वतःच्या सरलेल्या दिवसांसाठी होते.

ख्रिस्तसभेला हा अनुभव नवा नाही. संत अगस्तीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात शाळकरी वयातील एक आठवण नोंदवली आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यातील डायडो राणीच्या मृत्यूवर ते रडत असत. पुढे कार्थेज नगरीत शिकताना नाटकांतील दुःखे पाहून अश्रू ढाळण्यात त्यांना गोडी वाटू लागली. प्रौढपणी मागे वळून पाहताना त्यांना खंत वाटली की, डायडोसाठी रडणारा मी, देवापासून दुरावलेल्या स्वतःच्या आत्म्यासाठी मात्र रडलो नाही. नाटकातील दुःखी माणसाला मदत करावी लागत नाही, केवळ हळहळावे लागते, ही विसंगतीही त्यांनी नेमकी हेरली.

तथापि अगस्तीन यांच्या ग्रंथातील अश्रूंची कथा तेथे संपत नाही. इ. स. ३८७ मध्ये ऑस्तिया बंदरात त्यांची आई संत मोनिका मरण पावली. तेव्हा त्यांनी प्रथम मोठ्या कष्टाने अश्रू आवरले आणि नंतर देवासमोर एकांतात ते मोकळे केले. कल्पित राणीसाठी रडणारे तेच डोळे आईसाठी रडले आणि ते रडणे प्रार्थना बनले. हाच प्रवास आपल्या मुलांच्या अश्रूंनीही करावा, असे आपल्याला वाटले पाहिजे. अश्रूंची थट्टा केल्याने ते अश्रू आटतील, प्रवास मात्र घडणार नाही.

प्रभू येशू स्वतः लाजरसच्या कबरीजवळ रडला (योहान ११:३५). आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असतानाही तो रडला. त्यामुळे अश्रू हे श्रद्धेच्या अभावाचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

अश्रूंमागील शुभवर्तमानाचा धागा

या चित्रपटात दोन हिशेब समोरासमोर उभे आहेत. थॅनोसचा हिशेब असा की, काहींच्या सुखासाठी इतरांना मारावे. आपल्या उद्दिष्टापायी तो आपल्या मानलेल्या मुलीचाही, गमोराचा, बळी देतो. टोनीचा हिशेब उलट आहे. इतर जगावेत म्हणून तो स्वतः मरतो. पहिला हिशेब प्रेक्षकाच्या मनात भीती निर्माण करतो. दुसरा त्याच्या डोळ्यांत पाणी आणतो. हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना सांगितले (योहान १५:१३). मानवी अंतःकरण त्या सत्याला साद देण्यासाठीच घडवलेले आहे. चर्चचे तोंड क्वचित पाहणारा तरुणही चित्रपटगृहाच्या अंधारात ती साद देऊन जातो.

या प्रेमाला ख्रिस्तसभा किती मान देते, हे पोप फ्रान्सिस यांच्या एका निर्णयावरून दिसते. ११ जुलै २०१७ रोजी त्यांनी ‘मायोरेम हाक दिलेक्सिओनेम’ हे प्रेषितीय पत्र प्रसृत केले. त्याचे नावच योहानाच्या शुभवर्तमानातील वरील वचनावरून घेतलेले आहे. तोपर्यंत संतपदाकडे जाण्याचे प्रमुख मार्ग म्हणजे रक्तसाक्षित्व किंवा असामान्य सद्गुणांचे जीवन. या पत्राने आणखी एक मार्ग मान्य केला : ख्रिस्ती प्रेमापोटी दुसऱ्यासाठी आपले जीवन स्वेच्छेने अर्पण करणे आणि त्यामुळे निश्चित व लवकर येणारे मरण स्वीकारणे.

या प्रेमाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे संत मॅक्सिमिलियन कोल्बे. १९४१ च्या जुलै महिन्यात ऑशविट्झच्या छळछावणीतून एक कैदी निसटला. शिक्षा म्हणून दहा कैद्यांना उपाशी ठेवून मारण्याचे ठरले. त्यांपैकी फ्रान्सिसेक गायोव्हनिचेक हा पोलिश सैनिक आपल्या पत्नीच्या व मुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला. १६६७० या क्रमांकाचा कैदी रांगेतून पुढे आला. मी कॅथॉलिक धर्मगुरू आहे, याच्या जागी मला घ्या, असे त्याने सांगितले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी विषारी इंजेक्शन देऊन कोल्बे यांना ठार करण्यात आले. १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद बहाल केले, तेव्हा गायोव्हनिचेक तेथे उपस्थित होते. १९९५ साली वयाच्या ९३ व्या वर्षी ते मरण पावले. दुसऱ्याने दिलेले आयुष्य ते ५३ वर्षांहून अधिक काळ जगले आणि ठिकठिकाणी कोल्बे यांची साक्ष देत राहिले.

टोनीसाठी यिन्सेन जे होता, ते गायोव्हनिचेकसाठी कोल्बे होते. मात्र येथे चिलखत नव्हते, रत्ने नव्हती आणि संगीतही नव्हते. आपल्या मुलांना आयर्न मॅनचे नाव ठाऊक असेल आणि कोल्बे यांचे नसेल, तर दोष मुलांचा नव्हे. ती कथा त्यांना कोणी सांगितलेली नसते.

जेथे सावध राहावे

चित्रपटात शुभवर्तमानाचा धागा आहे म्हणून चित्रपट म्हणजे शुभवर्तमान होत नाही. तीन बाबतींत विवेक ठेवणे आवश्यक आहे.

पहिली बाब अशी की, टोनी ज्या कृतीने जगाला वाचवतो त्याच कृतीने तो शत्रूची धूळ करतो. कथेच्या ओघात प्रेक्षकांना ते न्याय्य वाटते. परंतु क्रूसावरील प्रभूने शत्रूचा नाश केला नाही. आपल्याला खिळणाऱ्यांसाठी त्याने क्षमा मागितली (लूक २३:३४). कोल्बे यांच्या मरणातही कोणाचा सूड नव्हता. वीरपुरुष शत्रूला मारून आपल्यांना वाचवतो. ख्रिस्ताने शत्रूंसाठीही प्राण दिला. हा फरक क्रूसाकडे पाहताना मुलांना समजावून द्यावा.

दुसरी बाब नताशाच्या मरणाची. आत्म्याचे रत्न मिळवण्यासाठी एका प्रिय जिवाचा बळी द्यावा लागतो, असा त्या ग्रहावरील नियम दाखवला आहे. हा नियम मूर्तीचा असू शकतो, पित्याचा नव्हे. अब्राहामाने इसहाकावर सुरा उचलला तेव्हा देवाने त्याचा हात थांबवला (उत्पत्ती २२). आपला देव जिवाच्या बदल्यात जीव मागत नाही. तो स्वतःला देतो. आपल्या मरणाने इतरांचे ओझे हलके होईल, असा विचार काही निराश मनांत घर करून असतो. अशा मनाला पडद्यावरचा कडा मोहक वाटू शकतो. दुसऱ्यासाठी धोका पत्करणे वेगळे आणि स्वतःच्या हाताने जीवन संपवणे वेगळे, हे स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे. घरातील एखादी व्यक्ती असे काही बोलू लागली, तर उपदेश न करता तिचे ऐकून घ्यावे. तिला एकटे सोडू नये आणि धर्मगुरूंची व डॉक्टरांची मदत विनाविलंब घ्यावी.

तिसरी बाब पुन्हा जिवंत करण्याच्या मागणीची. या कथांच्या जगात मेलेली पात्रे परत येतात, म्हणून चाहत्यांनी टोनीलाही परत मागितले. जुलै २०२४ मध्ये घोषणा झाली की, तेच अभिनेते मालेत परत येणार, परंतु ‘डॉक्टर डूम’ या खलनायकाच्या रूपात. चेहरा परत आला, टोनी नव्हे. निर्मात्यांना कथा लांबवता येते. मरणावर विजय मिळवणे त्यांच्या हाती नाही. कबरीतून उठलेल्या लाजरसलाही पुढे पुन्हा मरावेच लागले. प्रभूचे पुनरुत्थान तसे नाही. तो उठला तो पुन्हा न मरण्यासाठी, आणि आपली आशा त्याच्या त्या विजयावर उभी आहे.

नताशाला निरोप हवा होता

चाहत्यांच्या सर्व प्रतिक्रियांत ख्रिस्ती मनाला सर्वांत जवळची वाटावी अशी प्रतिक्रिया नताशाविषयीची आहे. लोक म्हणाले की, तिलाही अंत्यविधी हवा होता. एरवी विधी म्हणजे जुनाट सोपस्कार मानणाऱ्या पिढीने एका काल्पनिक स्त्रीसाठी विधीची मागणी केली. तिचे शरीर परत आणता आले नव्हते. म्हणूनच कदाचित ही उणीव अधिक बोचली. निरोपाशिवाय मरण अर्धवट राहते, हे त्यांना आतून उमगले होते.

एका वर्षाच्या आतच जगाला त्याचा खरा अनुभव आला. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे अंत्यविधीला मोजक्याच माणसांना उपस्थित राहता येऊ लागले. कित्येक मुलांना आईवडिलांचा चेहरा शेवटचा पाहता आला नाही. ते दुःख अनेक घरांत अजून बोलले गेलेले नाही.

ख्रिस्तसभेचा अंत्यविधी या गरजेला काय देतो, ते पुन्हा समजून घेणे उचित ठरेल. शवपेटीजवळ पास्काची मेणबत्ती तेवत असते, कारण स्नानसंस्काराच्या वेळी तिच्याच ज्योतीपासून या व्यक्तीची मेणबत्ती पेटवली गेली होती. देहावर पवित्र पाणी शिंपडले जाते. तेही स्नानसंस्काराचेच स्मरण. देहाला धूप दाखवला जातो, कारण तो देह पवित्र आत्म्याचे मंदिर होता. पवित्र मिस्साबलिदानात मृत व्यक्तीला प्रभूच्या मरणात व पुनरुत्थानात सामील केले जाते. शेवटी कबरीपाशी समाज तिला देवाच्या हाती सोपवतो. श्रीमंत असो वा गरीब, प्रसिद्ध असो वा अनोळखी, विधी तोच असतो. ख्रिस्तसभेत टोनीला एक निरोप आणि नताशाला दुसरा, असे होत नाही.

चित्रपटातील सरोवराकाठी सर्व जण मूकपणे उभे आहेत. त्या मौनात सन्मान आहे. परंतु तेथे कोणी प्रार्थना करत नाही, कारण ज्याच्याशी बोलावे असा कोणी त्या कथेत नाही. पेपर आपल्या पतीला विसावा घेण्यास सांगू शकते, विसावा देऊ शकत नाही. आपण मृतांसाठी सार्वकालिक विसावा मागतो तो देवाकडे, आणि वर्षानुवर्षे मागत राहतो. २ नोव्हेंबरला दफनभूमीत पेटणारी प्रत्येक मेणबत्ती सांगते की, निरोप दिला गेला तरी नाते तुटलेले नाही.

त्याच आठवड्यातील दुसरा वीर

चित्रपट प्रदर्शित होण्याच्या पाच दिवस आधी, पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी, श्रीलंकेत चर्चेस व हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले. कोलंबोतील संत अंतोनी तीर्थमंदिर, नेगोंबोतील संत सेबास्टियन चर्च आणि बट्टिकलोआ येथील झायन हे प्रोटेस्टंट चर्च यांत उपासनेसाठी जमलेले भाविक मारले गेले. एकूण बळींची संख्या अडीचशेहून अधिक होती. झायन चर्चच्या आवारात पाठीवर पिशवी घेतलेल्या एका अनोळखी माणसाचा तेथील एका भाविकाला संशय आला. त्याने त्या माणसाला आत जाऊ दिले नाही. स्फोट बाहेर झाला. त्यातही अनेक जण, विशेषतः मुले, दगावली आणि तो भाविकही मरण पावला. भरलेल्या चर्चमध्ये स्फोट झाला असता, तर अनर्थ कितीतरी मोठा झाला असता.

त्या आठवड्यात टोनी स्टार्कसाठी रडणाऱ्यांपैकी किती जणांना या माणसाची कथा ठाऊक होती? हा प्रश्न कोणाला हिणवण्यासाठी विचारलेला नाही. तो आपल्या सर्वांसाठी आहे. कल्पित बलिदानाने मन हेलावले, तर खरे बलिदान ओळखण्याची दृष्टी तीक्ष्ण व्हायला हवी. तसे झाले तर चित्रपटाने आपले भलेच केले असे म्हणता येईल.

याची पारख कशी करावी, हे संत इग्नेशियस लोयोला यांच्या अनुभवातून शिकता येते. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या काळातील त्या वीरकथाच होत्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे तेवढी होती. हळूहळू त्यांच्या ध्यानी आले की, सरदारकीची स्वप्ने रंगवताना आनंद होतो, पण मागाहून मन कोरडे पडते. संतांच्या वाटेने जाण्याचा विचार केला की, तो आनंद नंतरही टिकतो. या निरीक्षणातून त्यांच्या आध्यात्मिक पारखेचा आरंभ झाला. हीच कसोटी चित्रपटालाही लावावी. डोळे पुसून घरी आल्यावर मनात काय उरले? पुढचा भाग केव्हा येईल याची ओढ, की कोणासाठी तरी काही करावे ही इच्छा?

पालकांसाठी आणि युवकांसाठी

पालकांनी मुलांच्या अश्रूंची थट्टा करू नये. त्याऐवजी विचारावे : तुला सर्वांत जास्त कशाचे वाईट वाटले? बापाविना राहिलेल्या मुलीचे, सोबत्यांच्या वियोगाचे की अपुऱ्या निरोपाचे? उत्तरातून मुलाच्या मनातील खरी जखम अनेकदा कळते. आजी-आजोबांच्या मृत्यूच्या वेळी ज्याला कोणी जवळ घेतले नाही, असा मुलगा चित्रपटगृहात त्यांच्यासाठीही रडत असू शकतो.

धर्मग्रामातील युवकांनी असा चित्रपट एकत्र पाहून त्यावर चर्चा करावी आणि त्याच बैठकीत संत कोल्बे यांची कथा वाचावी. आपल्या गावात कोणाचे निधन झाले, तर अंत्यविधीला जाण्यासाठी वेळ काढावा; विशेषतः ज्या घरी माणसे कमी आहेत तेथे जावे. ज्यांच्या कबरीवर फूल ठेवणारे कोणी उरलेले नाही, अशांसाठी नोव्हेंबरमध्ये एक मेणबत्ती लावावी. नताशासाठी विधी मागणाऱ्या मनाला हे काम परके वाटू नये.

सरोवराकाठची पहाट

शेवटी एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. २६ एप्रिल २०१९ हा पुनरुत्थानाच्या अष्टकातील शुक्रवार होता. त्या दिवशी जगभरच्या कॅथॉलिक चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातील पहिल्या चौदा ओवींचे वाचन झाले. तो प्रसंगही सरोवराकाठचाच आहे. गुरूला गमावलेले शिष्य पुन्हा जाळी घेऊन तिबिरियाच्या सरोवरात उतरले आहेत. रात्रभर हाती काही लागलेले नाही. पहाटे काठावर कोणी तरी उभा आहे. निखाऱ्यांवर मासळी भाजली जात आहे, शेजारी भाकर आहे आणि तो त्यांना न्याहारीला बोलावत आहे.

एका सरोवराकाठी फुलांचे चक्र दूर वाहत जाते आणि उरलेली माणसे पाहत राहतात. दुसऱ्या सरोवराकाठी मरण सोसलेला स्वतः परत येऊन भुकेल्यांना जेवू घालतो. पहिल्या काठावर रडणाऱ्या आपल्या मुलांना दुसऱ्या काठापर्यंत हाताला धरून नेणे, हे आपले काम आहे. ते करण्यास पुनरुत्थित प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना कृपा देवो.